आजीची पाककृतींची वही नातवाला वाचता यावी, यासाठी घरी काय करावे?

प्रश्न : धरमपेठेतील आई

नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा असून नागपुरातील एका सीबीएसई शाळेत चौथीत शिकतो. घरी आम्ही सगळे मराठीच बोलतो आणि त्याचे मराठी बोलणेही कोणाला खटकावे असे नाही. मात्र मराठी मजकूर समोर आला की तो ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवू लागतो आणि दोन ओळी झाल्या की "आई, तूच वाच ना" म्हणून पुस्तक माझ्या मांडीवर ठेवतो. हाच मुलगा इंग्रजीतले दोनशे पानांचे पुस्तक दोन-तीन दिवसांत संपवतो, तेव्हा त्याला वाचनाची आवड नाही असे म्हणता येत नाही. शाळेत मराठी विषय आहे, कारण २०२०च्या कायद्यामुळे राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांना तो शिकवावाच लागतो. पण त्या तासाला फळ्यावरची उत्तरे वहीत उतरवून घेण्यापलीकडे फारसे काही होत नसावे, असे त्याची वही पाहून वाटते.

इतके दिवस ही गोष्ट मी मनावर घेतली नव्हती. ती मनावर घ्यावी लागली ती स्वयंपाकघरात घडलेल्या एका प्रसंगामुळे. माझ्या सासूबाई वर्धा जिल्ह्यातल्या. १९७४ साली लग्न होऊन आल्यावर त्यांनी पाककृतींची एक वही सुरू केली आणि तिच्यात पहिली पंधरा-वीस पाने त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेली आहेत. गोळाभात, कढीगोळे, पुडाची वडी, कोहळ्याची बोंडे, अंबाडीची भाजी, उन्हाळ्यातली सरगुंडे आणि कुरडया असे सगळे तिच्यात आहे. मुलाला स्वयंपाकाची मनापासून हौस आहे. कणीक तिंबण्यापासून फोडणीत मोहरी टाकण्यापर्यंत तो आजीच्या मागेमागे असतो. मार्चमध्ये सासूबाईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि काही दिवस वाचायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले, तेव्हा एका रविवारी त्यांनी गोळाभाताचे पान नातवाला वाचून दाखवायला सांगितले. "भरड्यात कडकडीत मोहन घालावे" हे वाक्य त्याने कसेबसे लावले आणि मोहन कोण म्हणून विचारले. पुढच्या ओळीत सांबार, म्हणजे आपल्याकडची कोथिंबीर, हा शब्द आला, ते त्याने इडलीबरोबरचे समजले. आम्ही सगळे हसलो, आणि ते हसणेच चुकले, कारण त्याने वही मिटली ती पुन्हा उघडली नाही. सासूबाई त्याला काही बोलल्या नाहीत. रात्री मात्र माझ्या यजमानांना त्या एवढेच म्हणाल्या, की ही वही आता रद्दीतच जायची.

उन्हाळ्याच्या सुट्या लागत आहेत. नागपूरचे ऊन सर्वांना ठाऊक आहे. सकाळी दहानंतर मुले घराबाहेर पडत नाहीत, त्यामुळे कूलरसमोर बसून काही करण्याजोगे दीड-दोन महिने हाताशी आहेत. या वहीच्या आधाराने त्याला मराठी वाचायला शिकवता येईल का? की आधी सोपी गोष्टींची पुस्तके घ्यावीत आणि वही नंतर द्यावी? अडचण अशी की सासूबाईंचे अक्षर वळणदार असले तरी भरभर लिहिलेले आहे, अनेक शब्दांवर शिरोरेषाच नाही, आणि मापे अदपाव, पावशेर, छटाक अशी आहेत, जी मलाही नीट कळत नाहीत. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे संध्याकाळी अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ मिळत नाही. ज्यांनी घरी असे काही केले आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, महाल

ताई, मी एकतीस वर्षे पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवले. आपल्या मुलाची अडचण जेवढी मोठी वाटते तेवढी नाही. त्याला शब्द ठाऊक आहेत, भाषा कानावर आहे, हिंदीमुळे देवनागरीही त्याने शाळेत शिकलेली असणार. अडते आहे ते वेगापाशी, आणि वेग सरावानेच येतो. इंग्रजीत अक्षर एक आणि उच्चार अनेक असा प्रकार असतो. मराठीत बाराखडी पक्की झाली की अनोळखी शब्दही बहुतेक वेळा बरोबरच वाचता येतो. ही सोय मुलाला एकदा दाखवून द्यावी. मुलांना ती फार आवडते.

हिंदी वाचणाऱ्या मुलांचा मराठीत पाय अडखळतो त्या जागा मोजक्या आहेत. ळ हे अक्षर हिंदीच्या पुस्तकात त्याला भेटत नाही. ल आणि श यांची मराठी छपाईतली वळणे हिंदीहून निराळी असतात. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी ते दाखवत नाही; चिवड्यातला च वेगळा आणि चाळणीतला वेगळा, जिऱ्यातला ज वेगळा आणि जाड्या भरड्यातला वेगळा. बोलताना तो हे सारे अचूक उच्चारतो, म्हणून शिकवायचे काहीच नाही. वाचताना कानावर विश्वास ठेवायला सांगावे, एवढेच.

आता वहीविषयी. पाककृतीची वही हे जोडाक्षरांच्या सरावासाठी उत्तम पुस्तक आहे, आणि याचे कारण आपल्या व्याकरणात आहे. मराठीत ईकारान्त स्त्रीलिंगी शब्दाचे अनेकवचन होताना बहुधा य जोडला जातो: वडी-वड्या, पोळी-पोळ्या, मिरची-मिरच्या, चकली-चकल्या, पुरी-पुऱ्या. एका पानात अशी आठ-दहा जोडाक्षरे सहज येतात आणि प्रत्येकाचा पदार्थ मुलाच्या डोळ्यांसमोर असतो. पुऱ्यांमधला र तर मुद्दाम दाखवावा, कारण सूर्यातला रफार आणि पुऱ्यांमधला अर्धा र यांतला फरक मोठ्या माणसांनाही चटकन सांगता येत नाही. पाठ्यपुस्तकातून हे शिकवताना मला फळाभर लिहावे लागे. आपल्याकडे ते ताटात येणार आहे.

हस्ताक्षराची अडचण मात्र खरी आहे. शिरोरेषा नसलेले, घाईचे अक्षर नवख्या वाचकाला देऊ नये. त्यावर उपाय असा, की आजींनी सांगावे आणि मुलाने लिहावे. त्यांच्या डोळ्यांना आता वाचायची परवानगी असेल तर त्या पाहून सांगतील, नसेल तर आपण वाचून द्यावे. एका दिवशी चार-पाच ओळींहून जास्त नको. मुलाने स्वतः लिहिलेला मजकूर त्याला वाचता येतोच, आणि त्यानंतर आजींचे मूळ पान शेजारी ठेवले की तेच शब्द त्यांच्या अक्षरात ओळखणे हा खेळ होतो. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दिसतील. त्या तशाच राहू द्याव्यात. लाल शाईचा पेन स्वयंपाकघरात आणू नये.

मापांविषयी थोडे सांगते, कारण ती मला पाठ आहेत. जुना शेर म्हणजे ८० तोळे, आणि तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्यामुळे शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा होतो. त्याचे १६ छटाक. म्हणजे छटाक साधारण ५८ ग्रॅम, अदपाव दोन छटाक म्हणजे साधारण ११७ ग्रॅम आणि पावशेर साधारण २३३ ग्रॅम. देशात १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला, पण घरातली भाषा पुढे कित्येक वर्षे शेराचीच राहिली, आणि बाजारात पाव किलोला पावशेर म्हणणे तर अजूनही थांबलेले नाही. तेव्हा वहीतला पावशेर जुन्या शेराचा की पाव किलोचा, हे आजींनाच विचारावे लागेल. चौथीच्या मुलासाठी हे गणित फार चांगले आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यानामे आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. पाऊण आणि सव्वा मात्र मुलांच्या तोंडून हळूहळू निघून चालले आहेत, त्याची चर्चाही होत नाही. साडेतीन म्हणतो, साडेचार म्हणतो, मग साडेएक आणि साडेदोन का म्हणत नाही, असे मुलाला एकदा विचारून पाहा. वाटी हातात असताना दीड आणि अडीच जसे कळतात तसे ते पुस्तकातून कळत नाहीत.

उत्तर : दोन मुलींचा बाबा, मानेवाडा

शिक्षिकाबाईंच्या अनुभवाबद्दल आदर राखून मी थोडे वेगळे मत मांडतो. आमच्या थोरल्या मुलीला स्वयंपाकाची अशीच आवड होती. आम्ही उत्साहाने प्रत्येक पदार्थाबरोबर तिच्याकडून वाचून घेणे, लिहून घेणे, मापांची गणिते सोडवून घेणे असे सुरू केले, आणि तीन आठवड्यांत तिने स्वयंपाकघरात येणेच सोडले. तिचे म्हणणे होते, की येथेही शाळाच भरते. ते खरे होते. मुलाला आजीबरोबर जो मोकळा वेळ मिळतो आहे तो फार मोलाचा आहे, आणि वाचन शिकवण्याच्या नादात तोच हातचा जाण्याची भीती मला वाटते.

दुसरे असे, की पाककृतीची भाषा घ्यावे, घालावे, परतावे, झाकण ठेवावे यापलीकडे फारशी जात नाही. तीत पुढे काय होईल याची उत्कंठा नसते, आणि वाचणारा पान उलटतो तो या उत्कंठेमुळेच. आपला मुलगा इंग्रजीत दोनशे पाने वाचतो ती गोष्टीसाठी. मराठीतही त्याला गोष्टच हवी. आम्ही धाकटीच्या बाबतीत रोज रात्री वीस मिनिटे मोठ्याने वाचून दाखवायचे ठरवले आणि गोष्ट रंगात आली की दिवा मालवायचा, हा दुष्टपणा मी मुद्दाम करत असे. चौथ्या-पाचव्या दिवशी ती सकाळी उठून पुढचे पान स्वतःच वाचत बसलेली दिसली. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. आम्ही सुरुवात तेथूनच केली. गोष्टी आखूड असतात, चित्रे असतात, आणि एका बैठकीत एक गोष्ट संपते.

नागपुरात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हे शहर आधी मध्य प्रांत व वऱ्हाडाची आणि पुढे १९५६पर्यंत तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि हिंदी येथे बाजारात, रिक्षात, मैदानावर सगळीकडे आहे. त्यात वाईट काही नाही, पण फाटकाबाहेर मुलाला मराठी वाचण्याची गरजच पडत नाही. म्हणून घरातले वाचन गोडीचे असले पाहिजे, कामाचे नव्हे.

उत्तर : मूळची अमरावतीची, आता प्रतापनगर

सांबाराचा किस्सा वाचून बरे वाटले, कारण आमच्याकडे उलटे झाले. माझी मुलगी मोबाइलवर पुण्याकडची पाककृती वाचून मला लाल भोपळा आणि शेंगदाणे आणायला सांगत होती, आणि घरात कोहळे व फल्लीदाणे आहेत हे तिच्या लक्षातच येत नव्हते. त्यावर आम्ही फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला आणि त्यावर दोन रकाने आखले: एकीकडे आपला शब्द, दुसरीकडे पुस्तकातला. सांबार आणि कोथिंबीर, आलू आणि बटाटा, फल्ली आणि शेंगदाणे, भेदरे आणि टोमॅटो, चून आणि पिठले. कागद भरत गेला तसे तिला त्याचे वेड लागले. मामाकडे गेली की नवा शब्द घेऊन येई. यात वाचन शिकवतो आहोत असे आम्ही तिला कधी सांगितले नाही, आणि खरे म्हणजे आमच्याही ते उशिराच लक्षात आले.

ताई, एक सुचवते. मोहन आणि सांबार यांवर हसलात, त्याबद्दल मुलाला आपण सगळ्यांनी मिळून काही सांगायला हवे. चूक त्याची नव्हती. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याच्या मोठ्या माणसालाही कळले नसते.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, महाल

मानेवाड्याच्या बाबांचे म्हणणे मला बऱ्याच अंशी पटते. मी चार-पाच ओळींची मर्यादा सांगितली ती याच भीतीने, पण ती अधिक स्पष्टपणे सांगायला हवी होती. ज्या दिवशी पदार्थ करायचा त्या दिवशी लिहायचे नाही, आणि ज्या दिवशी लिहायचे त्या दिवशी पदार्थाची घाई नाही, असे ठेवावे. रात्री मोठ्याने वाचून दाखवणे तर हवेच. मुलाला स्वतःला वाचता येऊ लागले म्हणून ते बंद करू नये. एका बाबतीत मात्र मी सहमत नाही. कामाचे वाचन गोडीचे नसते, असे नाही. माझ्या वर्गातली जी मुले धडा वाचताना अडखळत, तीच पतंगाच्या दुकानावरची पाटी लांबून वाचत.

प्रश्नकर्ती : धरमपेठेतील आई (पाच आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण सांगण्यासारखे काही घडेपर्यंत थांबावे असे वाटले.

प्रथम आम्ही तिघांनी, म्हणजे सासूबाई, यजमान आणि मी, मुलाजवळ आमची चूक कबूल केली. तो "बरं" म्हणाला आणि खेळायला गेला. त्यानंतर आठवडाभर वहीचा विषय आम्ही काढलाच नाही. यजमानांनी रात्री 'किशोर'च्या जुन्या अंकांतल्या गोष्टी वाचायला सुरुवात केली. दिवा मालवण्याची युक्ती आमच्याकडे चालली नाही, कारण मुलाने उशीखाली टॉर्च ठेवला, पण त्या टॉर्चच्या उजेडात तो मराठी वाचत होता, म्हणून आम्ही न पाहिल्यासारखे केले.

वहीकडे तो वळला तो वेगळ्याच कारणाने. मे महिन्यात सासूबाईंनी कुरडया घालायचे ठरवले. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून चीक काढायचा, तो शिजवून भल्या पहाटे गच्चीवर घालायच्या, हा सगळा क्रम त्यांना पाठ होता. मात्र चिकाला पाणी किती, याविषयी त्यांचे आणि शेजारच्या काकूंचे एकमत होईना. त्यांनी वही मागितली. डोळा आता बरा असला तरी चष्म्याचा नवा नंबर यायचा होता. मी कार्यालयात, यजमान दौऱ्यावर. मुलाने पान काढले आणि वाचले: जेवढा चीक तेवढेच पाणी, वर पाव वाटी. काकूंनी सव्वापट सांगितले होते. त्यावर मुलाने वाटी घेऊन दोघींना दाखवले, की चीक एकच वाटी असेल तर पाव वाटी वर म्हणजे सव्वापटच होते, पण आपला चीक सहा वाट्या आहे, तेव्हा वहीप्रमाणे सव्वासहा वाट्या पाणी लागेल आणि काकूंच्या मापाने साडेसात. हे मला सासूबाईंनी संध्याकाळी तीन वेळा सांगितले. पाणी शेवटी त्यांनी अंदाजानेच घातले, हा भाग वेगळा.

तेव्हापासून तो दुपारी स्वतःहून वही घेऊन आजीजवळ बसतो. बाईंनी सुचवल्याप्रमाणे आजी सांगते आणि तो एका नव्या वहीत लिहितो, दिवसाला तीन-चार ओळी, कधी त्याही नाहीत. अक्षरे अजून जुळवावी लागतात आणि जोडाक्षरापाशी तो थांबतो, पण पान आता मिटत नाही. फ्रिजवरचा कागदही सुरू झाला आहे. त्यावर पहिला शब्द त्याने मोहन हा लिहिला आणि समोर 'गरम तेल, माणूस नाही' असे लिहिले. पावशेराचा प्रश्नही सुटला: पहिल्या वीस पानांतला जुन्या शेराचा आणि त्यानंतरचा पाव किलोचा, असे सासूबाई म्हणतात.

एक अडचण मात्र उरली आहे. पुडाच्या वडीच्या पानावर तेलाचा मोठा डाग पडला असून त्याखाली खसखशीचे माप पुसले गेले आहे. सासूबाई म्हणतात, हाताला कळते. मुलगा म्हणतो, हाताला कळते असे वहीत लिहिता येत नाही. दोन जुड्या सांबाराला खसखस किती घ्यावी, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर : मूळची अमरावतीची, आता प्रतापनगर

आमच्याकडे दोन मोठ्या जुड्यांना दोन मोठे चमचे खसखस, अर्धी वाटी किसलेले सुके खोबरे आणि एक मोठा चमचा तीळ घेतो. तिन्ही वेगवेगळे कोरडे भाजायचे, कारण खसखस क्षणात करपते. सांबार धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यावा, नाहीतर पुड फुटतो. आजींच्या हाताला हे पटते का, ते कळवा.